सहावा रकाना

सर,

शनिवारी पालमला तुमची शोकसभा ठेवली आहे आणि तुमच्याविषयी मीच बोलायचं, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं आहे. केंद्रप्रमुखांचा फोन आला, म्हणाले, बाई, तुमी इतकी वर्षं सोबत होतात, तुमीच लिहा. मी हो म्हणाले आणि नेहमी करते तेच केलं. कागद घेतला, डाव्या बाजूला समास सोडला, मुद्दे काढले. जन्मगाव चुडावा. शिक्षण. नोकरीची गावं, क्रमाने. स्वभाव. कुटुंब. प्रत्येक मुद्द्याला दोन-दोन वाक्यं. एका बैठकीत झालं, एकही खाडाखोड नाही.

दुसऱ्या दिवशी ते पान तुमच्या टेबलावर ठेवून मी फळा पुसत होते. तेवढ्यात सारिकाने ते पाहिलं. तुमची सहावीतली सारिका, बाजारात कुलपं दुरुस्त करणाऱ्या आजोबांची नात. सरांवर लिहिलंय का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग तिने तुम्ही शिकवलेलंच केलं. उठून पुढे आली, माझ्याकडे पाठ करून फरशीवर बसली आणि म्हणाली, वाचा. तिच्यामागे सगळा वर्ग पाठमोरा झाला.

तुमच्या वर्गाचा नियमच तो. लिहिणाऱ्याने आपलं कच्चं लिखाण मोठ्याने वाचायचं, ऐकणाऱ्याने पाठ करून बसायचं. वाचणाऱ्याचं तोंड बघायचं नाही, हातवारे बघायचे नाहीत. नुसत्या शब्दांतून चित्र दिसलं पाहिजे. जिथे दिसायचं थांबेल तिथे हात वर करायचा आणि म्हणायचं, दिसंना. मग लिहिणाऱ्याने तिथे खूण करायची आणि घरी जाऊन ती जागा पुन्हा लिहायची.

मी वाचू लागले. "सर मनमिळाऊ व विद्यार्थिप्रिय होते" इथपर्यंत पोचले आणि सारिकाचा हात वर गेला.

"म्याडम, सर दिसंनात."

मागे आणखी हात वर गेले. मी पान घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हटलं, चला, गणिताची वही काढा.

म्हणून हे दुसऱ्यांदा लिहिते आहे. मुद्दे न काढता. हे मला जमत नाही हे तुम्हाला चांगलं माहीत आहे, त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

तुम्ही गेल्यापासून मी दोन वर्गांच्या मधल्या दारात उभी असते. इकडे माझी सातवी, तिकडे तुमची सहावी. चौकटीला पाठ टेकवली की दोन्ही फळे दिसतात. एका वर्गाला उदाहरण घालून दुसरीकडे वळावं, तर पहिल्यात गलका सुरू होतो. तुमच्या जागी कुणी कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही. पोरांनी त्या जागेला नाव दिलं आहे, म्याडमचं दार. ते दार मला इकडेही जाऊ देत नाही आणि तिकडेही. संध्याकाळी फाट्यावर येते तेव्हा अंग असं आखडलेलं असतं की बसमध्ये रिकामी सीट मिळाली तरी वाटतं, उभंच राहावं.

आणि फाटा तर तुमच्याशिवाय फारच लांब पडतो. माझी बस गंगाखेडहून यायची, तुमची पालमहून. जो आधी उतरेल त्याने लिंबाखाली थांबायचं आणि मग शाळेपर्यंत चालत जायचं. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला कापूस नाहीतर तूर. आपलं सगळं भांडण त्या रस्त्यावर झालं. शाळेत आपण कधी भांडलो नाही, वेळच नसायचा. मी सकाळी दिवसभराच्या कामांची चिठ्ठी पर्समध्ये घालून निघायची, ती तुम्ही रोज मागायचात. "बाई, बघू आज काय काय हाय. ह्याच्यात जेवण लिवलंय का? न्हाई? मग आज जेवायचं न्हाई वाटतं." हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की शेवटी मी चिठ्ठीत जेवण लिहायला लागले. परवा चिठ्ठीत जेवण लिहिलं आणि मग पेन हातात धरून बसून राहिले.

आता सोमवारचं सांगते. ते सांगितल्याशिवाय बाकी काही सुचणार नाही. सोमवारी गंगाखेडला दोन तालुक्यांच्या भाषा शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. विषय, मुलांचं लेखन. लिखाण तपासायचा तक्ता आपला. शिकवणार मी. आणि तक्त्यात पाच रकाने आहेत. सहावा काढून टाकला आहे.

तुमचा रकाना काढला सर. आवाजाचा.

हे सगळं कुठून सुरू झालं ते आठवतं का? पाचवीला मी निबंध घातला होता, आवडती संध्याकाळ. पोरांनी गाईडमधून उतरवला. वर्गातल्या एकूण एक पोराची आवडती संध्याकाळ समुद्रकिनारी होती. लाटा फेसाळत होत्या, सूर्य सोनेरी होता, वाळूत शंखशिंपले होते. मी चुका काढून, गुण देऊन गठ्ठा बाजूला ठेवला होता. तुम्ही तो चाळलात आणि वर्गात जाऊन विचारलंत, समुद्राला कोण कोण जाऊन आलंय? एकही हात वर झाला नाही. मग विचारलंत, गंगेला कोण गेलंय? सगळे हात वर. गोदावरीला आपल्याकडे गंगाच म्हणतात, आणि ती तर पोरांच्या रोजच्या जाण्यायेण्यातली. "मंग तिथली संध्याकाळ लिवा की. समुद्र असू द्या मुंबईवाल्यास्नी."

दुसऱ्या दिवशी जे आलं त्यात एका पोराने लिहिलं होतं: "गंगेला पाणी नव्हतं. म्हणून आम्ही गंगेत क्रिकेट खेळलो. मी चौकार मारला तो घाटाच्या पायरीला लागला. पाणी आल्यावर ती पायरी दिसत नाही."

तुम्ही ते मला फाट्यावर वाचून दाखवलंत. मी म्हटलं, चांगलं आहे, पण सुरुवात नाही, शेवट नाही, आणि ऱ्हस्वदीर्घाची बोंब आहे. तुम्ही चालता चालता थांबलात. "बाई, पाणी आल्यावर ती पायरी दिसत न्हाई, हे त्यानं बघितलंय. तुमी बघितलंय का? मी तर न्हाई." शाळेच्या फाटकापाशी आल्यावर मी म्हटलं, ठीक आहे, मग हे शिकवायचं कसं ते ठरवू. तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं मी हरले. मी तर कामाला लागले होते.

तक्ता मी केला, हे तुम्ही सगळ्यांना सांगायचात. खरं म्हणजे रेघा माझ्या आणि आतला माल तुमचा. चांगल्या लिखाणात काय काय बघायचं? विचार कुणाचा आहे, गाईडचा की पोराचा. मांडणी. शब्द नेमके आहेत का. वाक्यं वाचताना अडखळायला होतं का. शुद्धलेखन. आणि सगळ्यात शेवटी, उजव्या कडेला, आवाज, म्हणजे लिहिणाऱ्याचा स्वतःचा. खाली पायऱ्या लिहिल्या: आधी बोलायचं, मग कच्चं लिहायचं, मग पाठमोरं ऐकवायचं, मग बदलायचं, मग चुका काढायच्या, मग पक्कं करून सगळ्यांना वाचून दाखवायचं. कच्च्यात खोडरबर वापरायचा नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हा नियम तुमचा. माझ्या वर्गात वह्या इतक्या घाण कधी झाल्या नव्हत्या. पालक विचारायला आले. तुम्ही एका बापाला वही उघडून दाखवलीत आणि म्हणालात, शेत नांगरल्यावर कसं दिसतं, तसंच हे. बाप म्हणाला, हे घरी सांगायचं नव्हं का, उगं पोराला बडवलं.

भांडण आवाजावर सुरू झालं आणि तिथेच राहिलं. मी म्हटलं, बाकी पाच रकान्यांना एक ते चार गुण कसे द्यायचे ते मी लिहिलं आहे. आवाजाचं तुम्ही सांगा. एक गुण कुणाला आणि चार कुणाला. तुम्ही दुसऱ्या दिवशी नावं झाकून पोरांची पानं वर्गात वाचून दाखवलीत आणि हे कुणाचं ते ओळखायला लावलंत. पोरांनी बहुतेक सगळी ओळखली. "बघा, हा आवाज." मी म्हटलं, हा ओळखायचा खेळ झाला, निकष नाही. दुसऱ्या शाळेतले शिक्षक या पोरांना ओळखत नाहीत, त्यांनी काय करायचं? तुम्ही डोकं खाजवलंत.

"गुण देऊ नका मंग. रिकामा ठेवा."

मी म्हटलं, रिकामा रकाना कशाला ठेवायचा? कागद वाया. रिकामा दिसला की कुणीतरी काहीतरी भरणार, नाहीतर काढून टाकणार.

"राहू द्या रिकामा. पण रेघ मारा. रेघ असली म्हंजी मास्तरची नजर तिथं जाती. नजर गेली तरी बास हाय."

तुम्हाला मी पुन्हा पुन्हा सांगितलं की तक्ता नजरेसाठी नसतो, भरण्यासाठी असतो. आणि तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणालात, "बाई, तुमी लय सरळ रेघा मारता. पण सरळ रेघंनं बी कधीतरी काहीच धरू नये." याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आजही पूर्ण कळला आहे असं नाही.

सारिकाच्या पक्क्या निबंधाचं मात्र मी कुणालाही सांगायला तयार आहे. तुम्ही पोरांच्या कच्च्या पानावर कधी शेरा मारला नाही. समासात पेन्सिलीने फक्त प्रश्न लिहायचात. गेल्या वर्षी तपासणी आहे म्हणून घाईघाईने सगळ्यांची पक्की पानं करून घेतली आणि भिंतीवर लावली. तालुक्याचे साहेब आले, हात मागे बांधून एक-एक पान वाचू लागले, आणि सारिकाच्या पानाशी थांबले. तिने लिहिलं होतं: "माझे आजोबा पालमच्या बाजारात कुलपं दुरुस्त करतात. कुलूप उघडल्यावर ते काय म्हणतात? ते काही म्हणत नाहीत. किल्ली गिऱ्हाइकाला देतात आणि दुसरं कुलूप घेतात. हाताला कशाचा वास येतो? पितळेचा. आई म्हणते जेवणाआधी दोनदा धुवा. तू कधी उघडलंस का? एकदा. पण ते आधीच उघडं होतं."

तुमचे पेन्सिलीचे प्रश्न तिने शाईने, ओळीत घालून उतरवले होते. वर्गातल्या निम्म्या पोरांनी तेच केलं होतं. कुणाच्या म्हशीच्या निबंधात मध्येच "मग दूध कोण काढलं त्या दिवशी?", कुणाच्या जत्रेत "एवढंच?" मी भिंतीकडे बघत घामाघूम झाले. साहेबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, वा, प्रश्नोत्तराची शैली. हे जाणीवपूर्वक शिकवलंय का? तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणालात, होय सर, बाईंनी.

संध्याकाळी फाट्यावर जाताना मी तुमच्यावर ओरडणार होते. तोंड उघडलं आणि हसूच आलं. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून हसले, माझी बस गेली. तुम्ही म्हणालात, "तुमच्या यादीत आज बस चुकणं व्हतं का?" पोरांना ती पानं बदलून लिहायला लावू, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, सारिकाचं राहू द्या. मी विचार केला आणि राहू दिलं. ते अजून भिंतीवर आहे. परवा वाचलं तर त्यात दोन माणसं बोलत होती, आणि त्यातलं एक आता नाही.

तुम्ही तुमचंही वाचायचात. हे मला सुरुवातीला बरं वाटलं नव्हतं, मास्तरने पोरांपुढे कच्चं वाचायचं म्हणजे काय. चुडाव्याच्या स्टेशनावर गाडी थांबली की तुम्ही आणि तुमचा भाऊ खाली वाकून, गाडीखालून पलीकडे उतरणाऱ्या माणसांच्या चपला बघून गावातलं कोण आलं ते ओळखायचात, ते तुम्ही लिहीत होतात. पोरं पाठमोरी बसायची आणि हात वर करायची. सर, चपला दिसंनात. सर, भाऊ कुठं उभाय ते दिसंना. तुम्ही कान पकडायचात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहून आणायचात. किती वेळा बदललंत ते. भावाच्या चपला शेवटपर्यंत पक्क्या झाल्या नाहीत. तुमचा भाऊ लहानपणीच गेला, हे तुम्ही पोरांना कधी सांगितलं नाहीत. मला एकदा फाट्यावर सांगितलंत आणि लगेच विचारलंत, बाई, तुमी कधी वाचणार तुमचं?

मी म्हणायची, पोर्शन संपला की.

तर सोमवारचं. आपला तक्ता तालुक्याने मागवला तेव्हा तुम्ही होतात. त्या कागदाच्या खाली अडचणी असा एक रकाना होता, तोही मीच भरला. मी लिहिलं, "आवाज या घटकासाठी गुणांचे निकष ठरवता आले नाहीत." तुम्ही वाचलंत आणि सही केलीत. तुम्ही गेल्यानंतर आदेश आला. मोबाईलच्या ॲपमध्ये पाच जागा आहेत, त्या भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, म्हणून पाच घटक. आणि पाठमोरं ऐकवायचं होतं तिथे आता एक चौकोन आहे, त्यात बरोबरची खूण करायची.

मी साहेबांना फोन केला. त्यांनी फाइल काढून मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. "बाई, हे तुमीच लिवून दिलंय. आता तुमीच उलटं बोलायलात?" माणूस वाईट नाही. म्हणाला, वरून जसं आलंय तसं मी खाली देतो, माझ्या हातात काय हाय? मी फोन ठेवला, कारण वाक्य माझं होतं आणि खरं होतं. आजही खरं आहे. त्यातून बाहेर पडायला मी जागा शोधते, पण मी लिहिलेल्या वाक्यांत जागा नसते. तुम्ही तेच तर म्हणत होतात.

नाही म्हणावं, तर दुसरं कुणी जाऊन पडद्यावरचं वाचून दाखवेल आणि पाठमोरं बसणंही जाईल. जावं, तर दोन तालुक्यांसमोर माझ्या तोंडून सांगायचं की लिखाणात पाचच गोष्टी असतात. यावर रोज सकाळी फाटा ते शाळा एकटीच वाद घालते. तुमची बाजूही मलाच मांडावी लागते, आणि ती मला नीट मांडता येत नाही.

तुमच्या जलदानविधीला मी तुमच्या घरी आले होते. वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाई, घरी आले की तुमचंच भांडण सांगायचे. आज बाईनं असं म्हणलं, मी असं म्हणलं. मी म्हणायची, जेवा आधी." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता तुमाला तरी भांडायला कोण हाय?"

मी घरी येऊन झोपेपर्यंत भांडी घासत होते.

हे इथपर्यंत लिहून झालं आणि काल मधल्या सुट्टीनंतर मी ते वर्गात नेलं. दारात उभी राहिले नाही, आत गेले, तुमच्या खुर्चीत बसले. सातवीलाही बोलावून घेतलं. म्हटलं, पाठ करा. पोरं फिरली. एवढ्या पाठी समोर असल्या की कसं वाटतं, ते तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. कुणाचा चेहरा नाही. आधाराला काही नाही. हात वर येईल या भीतीने पुढचं वाक्य घाईने वाचलं जातं. गंगेतला चौकार वाचताना तो पोरगा, आता सातवीत आहे, खांदे हलवून हसला. चपलांशी आले तेव्हा कुणीही हललं नाही. शेवटपर्यंत वाचलं. एकही हात नाही. मला वाटलं, जमलं. पान खाली ठेवणार, तेवढ्यात सारिकाचा हात वर आला.

"सर दिसायलेत, म्याडम," ती म्हणाली. "तुमीच न्हाई दिसायलात."

मी विचारलं, म्हणजे काय? ती पाठमोरीच म्हणाली, "सर गेल्यावर तुमाला कसं वाटायलंय ते कुठंच न्हाई की. नुसतं सोमवार, सोमवार."

तर ते लिहिते. पक्कं करताना काढून टाकावंसं वाटेल, म्हणून आधीच सांगते की काढणार नाही.

मला तुमचा राग आला आहे सर. दोघांनी मिळून एक गोष्ट केली, आणि ती आपल्याच गळ्यात आली तेव्हा तुम्ही निघून गेलात. तुम्ही सुटलात. मी या तक्त्यात आहे, दाराच्या चौकटीत आहे, त्या एका वाक्यात आहे. फाट्यावर बस थांबली की मी अजून लिंबाखाली बघते, आणि तिथे कुणी नसलं की दुःख नंतर होतं, आधी रागच येतो. वाद अर्धा टाकून जायची ही काय रीत झाली? मला उत्तर सापडलं असतं तर मी कुणाला सांगणार होते? तुम्ही माझ्याशी भांडलात म्हणून मी विचार करायला शिकले. त्याआधी मी नुसती कामं उरकत होते. हे तुम्हाला सांगायचं होतं. पण ते चिठ्ठीत लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून रोज राहिलं.

बस. इतकंच आहे. मला एवढंच लिहिता येतं.

आज सकाळी गंगाखेडला न्यायचा छापील तक्त्यांचा गठ्ठा कपाटातून काढला. उजव्या कडेला समास सोडलेला आहे, बोटभर रुंद. दोन्ही वर्गांना गठ्ठे वाटून दिले, पट्ट्या काढायला लावल्या आणि सांगितलं, पाचव्या रकान्यापुढे प्रत्येक कागदावर वरून खालपर्यंत एक रेघ मारा. पेनाने. सारिकाने विचारलं, वर नाव काय लिहायचं? मी म्हटलं, काही नाही. मग भरायचं काय? मी म्हटलं, तेही नाही. तिला ते पटलेलं दिसलं नाही, पण तिने पट्टी धरली. सगळा वर्ग माना खाली घालून रेघा मारत होता. मी दोन वर्गांत फिरून बघत होते, दार मध्ये होतं, पण आज त्याची आठवण झाली नाही.

शनिवारी पालमला हे वाचीन आणि सोमवारी मी गंगाखेडला जाईन. पाच रकाने जसे आदेशात आहेत तसे शिकवीन. पण त्याआधी सगळ्या मास्तरांना खुर्च्या फिरवून पाठमोरं बसायला लावीन आणि हेच वाचीन. मग कुणीतरी विचारेलच, ही हाताने मारलेली रेघ कशाची? साहेबही विचारतील. उत्तर अजून तयार नाही. तुमची बाजू मला अजूनही मान्य नाही. रिकाम्या रकान्याला तक्त्यात काही काम नसतं, असंच मला वाटतं.

पोरांच्या काही रेघा जराशा वाकड्या आल्या. त्या मी पुन्हा मारून घेतल्या नाहीत.